पुनर्वसन झालं की नाही ते सांगायचं कुणी?

आपल्याकडे एखादी योजना यशस्वी झाली का हे बघायची पद्धत म्हणजे वाटप मोजायचं. किती प्लॉट दिले, किती जणांच्या खात्यात पैसे पडले, नागरी सुविधांपैकी किती झाल्या, सगळीकडे टिक मारली की रिपोर्ट तयार. मी या मूल्यमापनाच्या धंद्यात आहे, टॅब घेऊन गावात जायचं, तासाभरात दोन घरं उरकायची आणि अंधार पडायच्या आत तालुक्याला परत, त्यामुळे हे बाहेरून नाही आतून बोलतोय. लग्नाच्या दिवशी पत्रावळ्या मोजायच्या आणि संसार सुखाचा झाला असं लिहून द्यायचं, असला प्रकार आहे हा.

माझं म्हणणं एवढंच आहे की पुनर्वसनासारख्या गोष्टीत मानववंशशास्त्रवाला (म्हणजे लोकांमध्ये राहून त्यांचं जगणं, नाती, रीती अभ्यासणारा) माणूस लागतोच, आणि तो माणसं उठवायच्या आधी लागतो, आणि नंतर पुन्हा पुन्हा जाणारा लागतो. शेवटी येऊन फोटो काढून जाणारा नको.

इरावतीबाई कर्वे बहुतेकांना महाभारतावरच्या लेखनामुळे माहीत असतात. पण बाईंनी आणि त्यांच्या लेकीने, जाई निंबकरांनी, कोयना धरणाने उठवलेल्या लोकांचा सर्व्हे केला होता, डेक्कन कॉलेजने तो १९६९ साली छापला, हे किती जणांना ठाऊक आहे? म्हणजे देशात पुनर्वसनाचा धड कायदा नव्हता तेव्हा (महाराष्ट्राचा पहिला कायदा १९७६ चा) पुण्यातली एक मानववंशशास्त्रज्ञ बाई विचारत होती की या लोकांचं पुढे झालं काय. कोयनेची माणसं कुठे कुठे पांगली ते बघा, सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे. एकाच भावकीतली काही घरं घाटावर आणि काही कोकणात. कागदावर प्रत्येक घराला जमीन मिळाली असं जरी धरलं (मिळाली नाहीच, कोयनेचे धरणग्रस्त आजही आंदोलनाला बसतात), तरी भावकी तुटली ती कुठल्या रकान्यात भरायची? लग्नाला, मयताला, औताला बैल कमी पडला तर कुणाकडे जायचं, हे फॉर्ममध्ये नसतं कारण फॉर्म बनवणाऱ्याला ते नुकसान वाटतच नाही.

पण याचा सगळ्यात भारी दाखला आपल्याकडचा नाही, आफ्रिकेतला आहे. झांबेझी नदीवर करिबा धरण बांधलं, १९५८-५९ च्या आसपास साधारण ५७ हजार टोंगा लोकांना हलवलं. १९५८ मध्ये एका ठिकाणी लोक हलेनात तर पोलिसांनी गोळीबार केला, आठ माणसं गेली. तिथे एलिझाबेथ कोल्सन आणि थेअर स्कडर हे दोघे मानववंशशास्त्रज्ञ १९५६ लाच, म्हणजे पाणी चढायच्या आधीच, जाऊन राहिले होते. कुणाची शेती कुठे, कोण कुणाचं लागतं, पावसाची देवस्थानं कुठली, सगळं लिहून ठेवलं आणि मग माणसं उठवल्यावर परत गेले, परत गेले, असं कित्येक दशकं. कोल्सनबाई तर शेवटी झांबियातच राहिल्या आणि २०१६ साली तिथेच वारल्या, ९९ वर्षांच्या होऊन.

आता यातून काय कळलं ते बघा. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर बायकांचा स्वतःचा हक्क होता. नव्या जागी जंगल तोडून शेतं काढली पुरुषांनी, मग जमीन त्यांची झाली आणि बायकांचं गेलं ते गेलंच. घरटी जमीन किती असं विचारलंत तर हे कधीच दिसणार नाही, कारण घराला जमीन मिळालेलीच असते!

आणि दुसरं म्हणजे वेळ. सुरुवातीची वर्षं वाईट गेली, मग जलाशयात मासेमारी वाढली, गुरं वाढली, साठचं दशक संपता संपता लोक बऱ्यापैकी सावरल्यासारखे दिसत होते. तेव्हा कुणी मूल्यमापन करून गेला असता तर यशस्वी पुनर्वसन म्हणून पुरस्कार घेऊन आला असता. पण सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून गाडी उतरणीला लागली, जमीन पुढच्या पिढीला पुरेना, कस गेला, झांबियाची अर्थव्यवस्था कोसळली, नदीपलीकडे रोडेशियाचं (आताचं झिंबाब्वे) युद्ध. म्हणजे उत्तर काय येणार हे तुम्ही कुठल्या साली विचारायला गेलात त्यावर अवलंबून. आमच्या धंद्यात प्रोजेक्ट संपला की बजेट संपतं, मग दहा वर्षांनी कोण जातंय?

हाच स्कडर १९८३ साली वर्ल्ड बँकेतर्फे नर्मदेवरच्या सरदार सरोवराचं पुनर्वसन बघायला आला होता. पुढे महाराष्ट्रातल्या बाधित गावांवर, म्हणजे आताच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी-अक्कलकुवा भागातल्या, देखरेखीचं काम १९८७ पासून मुंबईच्या टिसकडे (टाटा समाजविज्ञान संस्थेकडे) होतं. नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा १९७९ चा, त्यात सज्ञान मुलगा म्हणजे वेगळं कुटुंब. चांगलीच तरतूद, मान्य. पण सज्ञान मुलगी? तिचा उल्लेख नाही. आणि जमीन कुणाची धरायची, तर ज्याच्या नावावर त्याची. डोंगरातले भिल्ल-पावरा पिढ्यानपिढ्या जी जंगलजमीन कसत आले ती सरकारच्या लेखी अतिक्रमण, म्हणजे रोज नांगर धरणारा माणूस रजिस्टरमध्ये भूमिहीन! मग पुनर्वसनासाठी तळोद्याचं जंगल मोकळं केलं तर तिथे आधीच दुसरे आदिवासी शेती करत होते. बसा आता भांडत. १९९२ ला मोर्स समितीने (वर्ल्ड बँकेनेच नेमलेली स्वतंत्र समिती, त्यांच्या टीममध्ये ह्यू ब्रॉडी नावाचा मानववंशशास्त्रज्ञ होता) वर्ल्ड बँकेला स्पष्टच सांगितलं की मागे व्हा, आणि १९९३ च्या मार्चमध्ये उरलेल्या कर्जातून भारत बाहेर पडला.

माझे अर्थशास्त्रवाले मित्र म्हणतात की एका गावात राहून लिहिलेलं राज्याला कसं लावणार, सॅम्पल केवढं. बरोबर आहे ना, किती लोकांवर परिणाम झाला हे सर्व्हेच सांगणार. पण सर्व्हेत प्रश्न कुठला घालायचा, कुटुंब कशाला म्हणायचं, जमीन कुठली धरायची, हे आधी कुणीतरी तिथे राहून बघितल्याशिवाय ठरवता तरी कसं येईल? चुकीचा प्रश्न दहा हजार घरांत विचारलात तर दहा हजार चुकीची उत्तरं नीट एक्सेलमध्ये बसतात.

या शास्त्राचं सगळं गोड आहे असंही नाही. इंग्रजांच्या काळात हीच मंडळी जमातींच्या कवट्या मोजत फिरायची. आणि आताही कन्सल्टंट म्हणून घेतलेल्याकडून अपेक्षा काय असते, तर लोकांना समजावून सांगा, विरोध कमी करा. तो रिपोर्ट देतो आणि तो रिपोर्ट साहेबांच्या कपाटात जातो. रिपोर्टमुळे काम थांबवता येईल असा अधिकार त्याच्यामागे नसेल तर तुम्ही इरावतीबाईंना पाठवा नाहीतर कुणालाही पाठवा, काय फरक पडणार आहे.

अधिकार कायद्यातून यायला हवा ना, तर कायद्याचं ऐका. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास सक्तीचा केला, सहा महिन्यांत पूर्ण करायचा. सहा महिने म्हणजे एक खरीप सुद्धा धड बघून होत नाही, पण ठीक आहे, काहीतरी आलं म्हणायचं. मग महाराष्ट्राने २०१८ ला दुरुस्ती करून बऱ्याच प्रकारच्या प्रकल्पांना त्यातून सूट द्यायची सोय करून ठेवली. आणि मूळ कायद्यातच एक पोटवाक्य आहे, पाटबंधारे प्रकल्पाला पर्यावरण परिणामांचा अभ्यास होत असेल तर हा सामाजिक अभ्यास लागू नाही. म्हणजे धरणंच वगळली! कोयना, करिबा, नर्मदा, जिथून हे सगळं शिकलो तोच प्रकार बाहेर. धरणग्रस्तांच्या संघटनांनी पहिल्यांदा हे पोटवाक्य काढायला लावावं असं मला वाटतं, नागरी सुविधांचं नंतर बघू.