देव कानात बोलतो की गावासमोर?

आमच्या घरच्या ग्रुपवर चतुर्थीपासून एकच वाद चालू आहे: गावच्या देवळात कौल लावणं ठेवावं की बंद करावं. आतेभाऊ इंजिनियर आहे. त्याचं म्हणणं, ओली पाकळी सुकली की पडणारच, त्यात देवाचा काय संबंध? थोरले काका म्हणतात, आजोबा-पणजोबा देवाला विचारल्याशिवाय नांगर धरत नव्हते, तुम्ही त्यांच्याहून शहाणे कधी झालात? तिसरा पक्ष अलीकडचा, तरुण पोरांचा. त्यांना कौल नको, अवसर म्हणजे अंगात देव येणं नको, शिवेच्या राखणदाराला, देवचाराला, द्यायचा रोट तर मुळीच नको. देव एक आहे, निराकार आहे, हे गावठी प्रकार आपल्याला शोभत नाहीत, असं ते लिहितात.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. आता इंग्लंडात स्विंडनला राहते, वृद्धांच्या केअर होममध्ये नर्स आहे. रात्रपाळी संपवून आले की हे सगळं वाचते. माझं मत या तिघांशीही पूर्ण जुळत नाही, आणि ते इथं राहून तयार झालं आहे.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. देवळागणिक पद्धत बदलते, पण साधारण असं: मूर्तीच्या अंगावर ठरलेल्या जागी पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या किंवा पानं चिकटवतात. मग गाऱ्हाणं घालतात. कोणाचं घर, काय अडचण, काय विचारायचं आहे, हे सगळं मोठ्यानं, देवाच्या आणि जमलेल्या लोकांच्या समोर. लोक मध्ये मध्ये ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधी कधी काहीच पडत नाही. लोक ताटकळत उभे राहतात, पुन्हा गाऱ्हाणं होतं, आणि तरीही देव गप्प राहिला तर सगळे घरी जातात. लग्न, विहीर, घराचा पाया, जत्रेची तयारी, गावातली भांडणं, सगळं इथं विचारलं जातं.

माझ्या मते या विधीचा प्राण पाकळीत नाही, मोठ्यानं उच्चारलेल्या प्रश्नात आहे. आतेभाऊ पाकळी का पडते ते समजावून सांगतो आणि त्याचं भौतिकशास्त्र बरोबरच आहे. पण मनातली इच्छा चारचौघांत शब्दांत मांडायची, आणि उत्तर आपल्या विरुद्ध गेलं तरी ते त्याच चारचौघांच्या देखत घ्यायचं, हे माणसाकडून कोण करवून घेतं, याचं उत्तर त्या शास्त्रात नाही.

आमच्याकडे देव कसा कल्पिला आहे ते पाहिलं की हा विधी कळतो. सातेरी म्हणजे रोयण, मातीचं वारूळ. त्याला डोळे नाहीत, हात नाहीत, पण ती गावाची आई. बेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फिरतो आणि त्या झिजतात. शिरगावची लईराई ही सात बहिणींतली एक, त्यांचा भाऊ खेतोबा किंवा खाप्तोबा, आणि एक बहीण म्हापशाच्या चर्चमध्ये मिलाग्र सायबीण, म्हणजे ख्रिस्ती लोकांची मेरी माता, म्हणून बसली आहे. म्हापशाच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात ते या नात्यानं. सगळे एका कुटुंबातले, प्रत्येकाची हद्द ठरलेली, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. हा देव विश्वाचा कारभार सांभाळत नाही. शिवेवरून कोण आत आलं, तळीत पाणी किती आहे, हे बघतो.

आणि तो गावाबरोबर हालही सोसतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या महालांतली देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ रामनाथीला. दिवाडीच्या सप्तकोटेश्वराचं लिंग नार्व्यात आलं आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी तिथं देऊळ बांधवून घेतलं. सर्वशक्तिमान देवाला खाडी ओलांडून का जावं लागलं, हा प्रश्न लहानपणी मला पडायचा. आता पडत नाही. ज्या देवाला भक्तांच्या खांद्यावर बसून दुसऱ्याच्या गावात आसरा घ्यावा लागला, त्याच्याशी माझ्यासारख्या दुसऱ्याच्या देशात राहणाऱ्या बाईला बोलणं सोपं जातं.

इथं काय आहे? 2021च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली गेले, 46.2 टक्के. धर्म नाही असं लिहिणारे 37.2 टक्के. केअर होममध्ये दाखल होताना धर्माच्या रकान्यात पुष्कळ जण काहीच लिहीत नाहीत. पण त्याच इमारतीत, चहाच्या सुट्टीत, देव रोज बोलतो. माझी एक सहकारीण नायजेरियाची, पेंटेकॉस्टल या ख्रिस्ती पंथाची. ‘रात्री देवानं मला सांगितलं’ हे वाक्य ती बसची वेळ सांगावी इतक्या सहज म्हणते. नोकरी बदलू की नको, भावाला पैसे पाठवू की नको, तिला आतून ऐकू येतं. टान्या लर्मन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या व्हिनयार्ड चर्चच्या लोकांमध्ये राहून अशा श्रद्धेचा अभ्यास केला आहे. तिथले काही भक्त देवासाठी कॉफीचा दुसरा कप भरून समोर ठेवतात आणि मित्राशी बोलावं तसं त्याच्याशी बोलतात. सुरुवातीला मला हे फार परकं वाटलं. सातेरीला कोणी मित्र म्हणत नाही. तिच्यापुढे आपण नारळ घेऊन, मान खाली घालून उभे राहतो.

पण बाईंच्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मनात आलेला प्रत्येक विचार देवाचा, असं ते लोक धरत नाहीत. तो बायबलशी जुळतो का, त्यानं मन शांत होतं का, दुसऱ्या कोणाला प्रार्थनेत तसंच सुचलं का, हे तपासायला त्यांना शिकवतात. माझ्या सहकारिणीचंही तसंच. नोकरीचा निर्णय घेण्याआधी तिनं आपल्या चर्चमधल्या बायकांना बोलावलं, सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली, आणि त्यातल्या एका वयस्क बाईनं तिला स्पष्ट सांगितलं की हा देवाचा आवाज नव्हे, तुझी घाई आहे. तिनं ऐकलं. म्हणजे कानात बोलणारा देवसुद्धा शेवटी चार माणसांसमोर आणावाच लागला.

हे सर्वांत शुद्ध रूपात मी क्वेकर लोकांच्या सभेत पाहिलं. आमच्या केअर होममधल्या एका आजींना रविवारी तिथं घेऊन जाण्याचं काम माझ्याकडे होतं. सतराव्या शतकात इंग्लंडात सुरू झालेला हा पंथ. पाद्री नाही, मूर्ती नाही, गाणं नाही. खुर्च्या गोल मांडलेल्या, आणि सुमारे तासभर शांतता. कोणाला आतून बोलावंसं झालं तर तो उठून दोन वाक्यं बोलतो आणि बसतो. कधी कोणीच बोलत नाही. शेवटी हस्तांदोलन. त्या खोलीत मला ताटकळत उभे असलेले आमचे गावकरी आठवले. पाकळी पडेपर्यंतची शांतता आणि ही शांतता यांत मला अंतर दिसलं नाही.

पुढे कळलं की पंथाचा कारभारही ते याच रीतीनं करतात. मतदान घेत नाहीत. सगळे बसतात, बोलतात, थांबतात, आणि देवाला काय हवं आहे याचा सभेला जो उमज पडेल तो कारकून तिथंच लिहून वाचून दाखवतो. 2009 साली ब्रिटनच्या क्वेकरांनी समलिंगी जोडप्यांचे विवाह आपल्यात लावण्याचा निर्णय घेतला तो असा, एकही हात वर न करता. देवाला विचारून लोक मागेच जातात असं माझ्या आतेभावाला वाटतं. त्यानं हा निर्णय वाचावा.

निराकारवाल्या पोरांनाही मला काही सांगायचं आहे. तुमचा मार्ग परका नाही, आपल्याच मातीतला आहे. पेडणे-बांदा भागातले सोहिरोबानाथ आंबिये अठराव्या शतकात कुलकर्णीपद सोडून नाथपंथाच्या वाटेला लागले आणि अंतरातल्या ज्ञानदिव्यावर पदं रचली. क्वेकर ज्याला आतला उजेड म्हणतात त्याच्या हे फार जवळ आहे. पण सोहिरोबांचा निराकार त्यांच्याकडून काहीतरी मागत होता. त्यानं त्यांचं घरदार सोडवलं. तुम्ही फॉरवर्ड करता तो निराकार कोणाला काही विचारत नाही, कोणाला नकार देत नाही, कोणाशी बोलतच नाही. अशा देवासाठी सातेरीची रोयण मोडायची मला इच्छा नाही. आणि लईराईचं मिलाग्र सायबिणीशी नातं तोडा, ते भाबडेपणाचं आहे, असं जे तुम्ही लिहिता ते तर मला सहनच होत नाही. इथं स्विंडनमध्ये गोव्याची ख्रिस्ती माणसं पुष्कळ आहेत. बार्देशकडच्या एका बाईला मी शिरगावजवळची असं कळल्यावर तिनं मला ‘सायबिणीच्या भयणीच्या गावची’ म्हणून जेवायला बोलावलं. एक पूर्ण हिवाळा मी तिच्या घरच्या माणसासारखी काढला. ज्या कल्पनेनं दोन धर्मांची माणसं एकमेकांची पाहुणी होतात ती कल्पना खोटी ठरवून आपण काय कमावणार?

केअर होममध्ये आवाज ऐकणारी माणसं असतात. डॉक्टर त्यांना औषध देतात, ते द्यायलाच हवं. लर्मन बाईंनी सहकाऱ्यांबरोबर कॅलिफोर्निया, घानातलं अक्रा आणि चेन्नई इथल्या वीस-वीस मनोरुग्णांना ते काय ऐकतात ते विचारलं होतं. अमेरिकेतल्यांना आवाज बहुतेक हल्ला करणारे, मेंदूच्या बिघाडाची खूण वाटणारे. अक्रात पुष्कळांना देवाचा आवाज. चेन्नईत अनेकांना आपल्याच नातेवाइकांचा, हे काम कर, आंघोळ कर असं सांगणारा. आजार तिन्हीकडे होता. पण आपण कोणत्या नात्यांत वाढलो त्यावर ऐकू येणाऱ्या गोष्टीचा सूरही ठरतो, हे मी माझ्या पाळीत पाहते. म्हणून देव बहिणींच्या आणि भावांच्या रूपात कल्पिणाऱ्या गावात वाढल्याचं मला बरं वाटतं.

आता थोरल्या काकांबद्दल, कारण माझा खरा वाद त्यांच्याशी आहे. काका, कौल ठेवा. पण त्याला काय विचारायचं आणि कोणी विचारायचं, हे आजोबांच्या काळातलं ठेवू नका.

2025च्या मे महिन्यात शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसं मेली. त्या सकाळी आपल्याच ग्रुपवर ‘देवी कोपली’ असं आलं. मला फार राग आला. उतरता अरुंद रस्ता, त्यावर मावणार नाही इतकी गर्दी, अपुरा बंदोबस्त, ही माणसांची कामं होती. होमकुंडातून चालणारा धोंड अंगावर व्रत घेऊन देवीच्या भरवशावर निखाऱ्यांवर पाऊल ठेवतो, त्याच्या श्रद्धेला मी नमस्कार करते. पण रस्त्याची रुंदी देवीवर सोडता येत नाही. पोटात गाठ आली तर कौलाची वाट पाहत थांबता येत नाही. आपल्या घरात थांबलेलं आहे, कोण ते सगळ्यांना माहीत आहे, इथं लिहीत नाही. देवाला ते विचारावं जे माणसांनी शिकून, मोजून, तपासून झाल्यावरही उरतं: जायचं की राहायचं, माफ करायचं की नाही.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड. गाऱ्हाणं जो घालतो त्याच्या हातात प्रश्न असतो, आणि प्रश्न ज्याच्या हातात त्याच्या हातात अर्धं उत्तर असतं. गोव्यातल्या बहुतेक जुन्या देवस्थानांचा कारभार अजून 1933च्या पोर्तुगीज काळातल्या नियमांनी चालतो. महाजन, म्हणजे देवस्थानाचे वंशपरंपरेनं आलेले सभासद, आपली समिती निवडतात, मामलेदार प्रशासक असतो. आपल्या देवस्थानात महाजन म्हणून नाव लागतं ते घरातल्या पुरुषांचं. गावच्या उरलेल्या लोकांनी बाहेर उभं राहून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, बायकांनी आरतीची ताटं सजवायची. मडकईत नवदुर्गेची मूर्ती बदलायची की जुनीच ठेवायची यावरून महाजन आणि गावकरी समोरासमोर आले ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तिथं प्रश्न देवीच्या रूपाचा होताच. झिजलेल्या मूर्तीत देवी पूर्ण राहते का, हा खरोखर श्रद्धेचा आणि खोल प्रश्न आहे. पण त्याच्या आत दुसरा प्रश्न होता, देवी कोणाची, आणि तो कोणी मोठ्यानं मांडला की वाद पेटतो.

क्वेकर सभेत मी परकी, दुसऱ्या धर्माची, पगारावर एका आजींची खुर्ची ढकलत आलेली. तरी मला आतून काही आलं असतं तर उठून बोलायची मुभा होती. ज्या देवळाच्या तळीत मी पोहायला शिकले तिथं मला ती नाही. देव गावाशी बोलतो असं आपण म्हणतो, तर त्याला विचारण्याचा हक्क आख्ख्या गावाला हवा. हे देवीलाच विचारू असं काका म्हणतील, मी त्यांना ओळखते. ते मला मान्य नाही. देवीनं आजवर कोणाला बाहेर उभं राहायला सांगितलेलं नाही. नियम माणसांनी केला, तो सभेत ठराव मांडून माणसांनीच बदलायचा.

पुढच्या महाजन सभेला आतेभावानं जावं. त्याचा देवावर विश्वास नसला तरी त्याचं नाव यादीत आहे, माझं नाही. गाऱ्हाणं घालण्याची पाळी गावातल्या प्रत्येक वाड्याला मिळावी, आणि त्यात बायका असाव्यात, एवढा एकच ठराव त्यानं मांडावा. मजकूर मी लिहून पाठवते. काकांनी अनुमोदन द्यावं.