व्हॅम्पायर म्हणजे ‘लाकडी भंगार’?

1965च्या युद्धाच्या आठवणी निघाल्या की एक मजकूर हमखास फिरू लागतो. आशय असा: डी हॅविलंड या ब्रिटिश कंपनीचं व्हॅम्पायर हे लढाऊ जेट म्हणजे लाकडाचं विमान, ब्रिटनने नको झालेला माल भारताच्या गळ्यात मारला, जम्मूतल्या छांबला एकाच संध्याकाळी चार पडली आणि त्याची कहाणी तिथंच संपली. चार पडली, हे खरं आहे. बाकीच्याला मात्र आधार नाही.

आधी लाकूड. वैमानिक बसतो तो पुढचा भाग प्लायवूडच्या थरांमध्ये बाल्सा चिकटवून केलेला होता. पंख, मागे जाणारे दोन दांडे आणि शेपूट धातूचंच. याच कंपनीने याच पद्धतीने बनवलेलं मॉस्किटो दुसऱ्या महायुद्धातल्या सर्वात वेगवान विमानांत गणलं गेलं, तेव्हा लाकडाला हसायचं कारण नाही. त्या दोन दांड्यांनाही कारण होतं. सुरुवातीच्या जेट इंजिनांची ताकद बेताची, लांब नळीतून झोत सोडला की त्यातली आणखी वाया जायची. शेपूट दांड्यांवर नेली, नळी आखूड झाली. 20 सप्टेंबर 1943ला हॅटफील्डला पहिलं उड्डाण झालं.

‘नको झालेला माल’ हे तर तारखांपुढेच टिकत नाही. ब्रिटिश हवाई दलात व्हॅम्पायर आलं 1946मध्ये. जुलै 1948मध्ये त्यांच्या सहा व्हॅम्पायरांनी अटलांटिक ओलांडला; जेट विमानांनी तो ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. आणि भारताला पहिली व्हॅम्पायर मिळाली नोव्हेंबर 1948मध्ये. म्हणजे त्यांचे वैमानिक जे उडवत होते तेच आपण घेतलं. पुढे बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने परवान्यावर दोनशेहून जास्त बांधली. जेट विमान जोडायचं कसं, हे आपल्या कारागिरांचे हात यावरच शिकले.

आता छांब. 1 सप्टेंबर 1965ला पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकले, लष्कराने हवाई मदत मागितली. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी परवानगी द्यायला वेळ लावला नाही. दिवस मावळायला थोडाच अवधी होता आणि पठाणकोटला हाताशी होती फ्रेंच बनावटीची मिस्टेर आणि व्हॅम्पायर. समोर आली पाकिस्तानची अमेरिकी बनावटीची सेबर जेट विमानं. व्हॅम्पायरचा सर्वाधिक वेग ताशी 880 किलोमीटरच्या आसपास, सेबरचा सुमारे 1,100. चार विमानं गेली, तीन वैमानिक गेले, एक छत्रीने उतरून वाचला. त्यानंतर व्हॅम्पायर आघाडीवरून मागे घेतली गेली.

याचा दोष विमानाला द्यायचा? सरळ पंखांचं, 1943चं यंत्र बावीस वर्षांनी तिरक्या पंखांच्या सेबरसमोर न्यायची वेळ यावी, हा प्रश्न ताफ्याच्या नियोजनाचा आहे. निर्णय घेणाऱ्यांपुढे त्या संध्याकाळी दुसरा पर्याय फारसा नव्हता, हेही मान्य करायला हवं. पण सतरा वर्षं राबवलेल्या बैलाला शर्यतीत हरला म्हणून खाटकाकडे देण्यातला हा प्रकार झाला.

व्हॅम्पायरचे चाहते उत्तरादाखल 1961चा गोवा पुढे करतात. तेही जरा जपूनच करावं. तिथं विरोधी लढाऊ विमानं नव्हतीच, आणि दोन व्हॅम्पायरांनी चुकून आपल्याच शीख लाइट इन्फंट्रीच्या ठाण्यांवर रॉकेटं सोडली. दोन जवान जखमी झाले.

राहिला ‘कहाणी संपली’ हा मुद्दा. 3 डिसेंबर 1945ला ब्रिटिश वैमानिक एरिक ब्राऊन यांनी ‘ओशन’ या विमानवाहू नौकेवर व्हॅम्पायर उतरवलं. जेट विमान नौकेवर उतरण्याचा जगातला तो पहिला प्रसंग. स्वित्झर्लंडने तर ही विमानं 1990पर्यंत वापरली. भंगार कुणी इतकी वर्षं सांभाळत नाही!

आणि त्याचं इंजिन, गॉब्लिन. अमेरिकेच्या पी-80 या लढाऊ जेटचा पहिला नमुना जानेवारी 1944मध्ये याच इंजिनावर उडाला. अमेरिकेला पाठवलेलं पहिलं इंजिन चाचणीत निकामी झालं, तेव्हा डी हॅविलंडने स्वतःच्या व्हॅम्पायरसाठीचं इंजिन तिकडे पाठवलं. त्या पी-80वरून पुढे टी-33 हे प्रशिक्षण विमान निघालं. 1965मध्ये ते पाकिस्तानी हवाई दलाच्या ताफ्यात होतं.