प्लस-मायनस एक अक्षर

गेल्या मंगळवारी माझ्यावर एनसी निघाली. नॉन-कन्फॉर्मिटी. कास्टिंगला भेग असली, बोल्टचे आटे गेले असले की निघते ती. माझी निघाली दोन शब्द सारखे आहेत की नाहीत हे पाहणाऱ्या, सी या संगणकाच्या भाषेतल्या अकरा ओळींच्या फंक्शनवर. बावीस वर्षं याच भाषेत नोकरी केली. मुलाच्या मुंजीचं सामान या भाषेने आणलं. त्यात अकरा ओळी.

मुळात हे फंक्शन मी लिहायचं कारणच नव्हतं. सीमध्ये शब्द जुळवणारं आणि अक्षरी आकड्याचा खरा आकडा करणारं फंक्शन तयार मिळतं. पण आम्ही चाकणला बसून गाडीच्या डॅशबोर्डखाली जाणारी एक डबी बनवतो, आणि गाडीवाल्या गिऱ्हाइकांना मिस्रा लागतं. मिस्रा म्हणजे गाड्यांमधलं सी कसं लिहावं याची ब्रिटिशांनी केलेली नियमावली. पहिली १९९८ साली आली. २०१२ च्या आवृत्तीतला नियम २१.७ सांगतो की एटूआय, म्हणजे ते आकडा करणारं तयार फंक्शन, वापरायचं नाही. नियम चुकीचा नाही. एटूआयला 'शून्य' दिलं तर ते शून्य म्हणतं आणि 'चहा' दिलं तरीही शून्यच म्हणतं. आकडा मावेनासा झाला तर काय होईल, याची तर जबाबदारीच कोणी घेत नाही. तेव्हा आपलं आपण लिहा.

लिहिलं. शब्द जुळवताना लहान-मोठी लिपी एक धरायची होती, कारण सर्व्हिस सेंटरमधला मेकॅनिक लॅपटॉप जोडून पासवर्ड आणि हुकूम टाइप करतो, आणि त्याचं कॅप्स लॉक कधी चालू असतं ते त्यालाही ठाऊक नसतं. संगणकाच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा: मोठा ए ६५, लहान ए ९७. मध्ये नेमका बत्तीसचा फरक, म्हणजे एक बिट, शून्य-एकाचं एकच घर. प्रत्येक अक्षराचं ते बिट चढवायचं आणि मग जुळवायचं. ही युक्ती मी २००४ साली शिकलो आणि तेव्हापासून अंगठीसारखी मिरवत होतो.

लिहिलेलं तपासायच्या रिव्ह्यूला नुकतीच कॉलेजातून आलेली ट्रेनी होती. ती म्हणाली, "सर, तुमच्या फंक्शनला चौकोनी कंस आणि महिरपी कंस एकच वाटतात." एक ९१, दुसरा १२३. फरक बत्तीस. मी हसून म्हटलं, पासवर्डात कंस कोण घालतं? ती म्हणाली, "आणि शब्द संपल्याचं शून्य आणि स्पेस पण एकच वाटतात. म्हणजे शेवटी स्पेस जास्त असली तरी पासवर्ड चालतो." शून्यात बत्तीस मिळवले की स्पेस होते, हे मला त्याच क्षणी आठवलं. मी म्हटलं, ते वैशिष्ट्य आहे. ती गप्प बसली. हल्लीची मुलं वाद घालत नाहीत, नुसती गप्प बसतात. ते फार लागतं.

मग तिने आकडेवाल्या फंक्शनला उणे ३२७६८ दिले. आमची चिप सोळा बिटांची. खाली उणे ३२७६८ पर्यंत जाते, वर मात्र ३२७६७ लाच थांबते. मी आधी आकडा वाचून नंतर उणे चिकटवत होतो, आणि वाचतानाच तो डब्याबाहेर सांडत होता. हेही दुरुस्त केलं. इथवर माझी तक्रार नाही. चूक ती चूक.

तक्रार पुढची आहे. त्या खोलीत क्वालिटीचे एक साहेब बसले होते. त्यांना आम्ही पाठीमागे व्हर्नियरसाहेब म्हणतो, कारण खिशात पेन नसेल पण व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचे अंश मोजायचं ते हत्यार, असतो. सगळी हयात मशीन शॉपमध्ये गेली. आता 'सॉफ्टवेअर हाही एक पार्टच आहे' असं कोणीतरी वर ठरवल्यामुळे ते आमच्या रिव्ह्यूला चेकलिस्ट घेऊन येतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "हे मिश्रा कोण? त्यांचा अप्रूव्हलचा मेल कुठाय?"

मंगळवारी त्यांनी चष्मा वर केला. "कुलकर्णी, शब्द जुळला तर हे काय देतं?"

"शून्य."

"जुळला तर शून्य?"

"हो."

"आणि नाही जुळला तर?"

"कधी धन, कधी ऋण."

"किती?"

"कितीही. आधी-नंतर कळलं म्हणजे झालं. डिक्शनरीत पहिला शब्द आधी येत असेल तर ऋण, नंतर येत असेल तर धन."

त्यांनी लिहून घेतलं. मोठ्याने वाचलंही. "पास झाला तर शून्य. फेल झाला तर कितीही." मग ट्रेनीकडे वळून, "तुमच्या कॉलेजात असंच होतं का हो?"

मला एकदम सुचलं. म्हटलं, "साहेब, डायल गेज मास्टरवर झीरो करता. मग जॉब लावता. तो मास्टरशी तंतोतंत जुळला तर काटा कुठे येतो?"

"शून्यावर."

"आणि कमी-जास्त असला तर?"

"उजवीकडे, नाहीतर डावीकडे." ते थांबले. त्यांचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं. "म्हणजे हा कम्पॅरेटर आहे!"

"तेच तर!"

"मग आधी नाही का सांगायचं!" त्यांनी पेन उघडलं. "टॉलरन्स किती?"

टॉलरन्स म्हणजे मापात किती कमी-जास्त चालेल ते. मी म्हटलं, शब्दांना टॉलरन्स नसतो. त्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते असं, की जणू मी बिनकपड्याचा मीटिंगला आलोय. "टॉलरन्स नाही असं माप जगात नसतं, कुलकर्णी. प्लस-मायनस एक अक्षर धरायचं का?"

"पासवर्ड आहे साहेब तो!"

"अर्धं अक्षर?"

तर एनसी दोन मुद्द्यांवर. एक, पास असताना फंक्शन शून्य देतं. दोन, टॉलरन्स नमूद नाही.

इथे मला कबूल करायला हवं की घरी गेल्यावर तो टॉलरन्स डोक्यातून जाईना. माझ्या वडिलांच्या पेन्शनच्या कागदांवर 'कुळकर्णी' आहे आणि पासबुकावर 'कुलकर्णी'. ते गेल्यानंतर आईला एका खिडकीवर सांगितलं गेलं की ही दोन वेगळी माणसं आहेत. रात्री मी दोन्ही नावं माझ्याच फंक्शनला दिली. युनिकोडात, म्हणजे जगातल्या अक्षरांना आकडे देणाऱ्या यादीत, ल नंतर लगेच ळ आहे (आपल्या शाळेतला, ह नंतरचा ळ त्यांनी उचलून तिथे बसवला, तो वेगळाच राग). यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ते आकडे साठवायच्या पद्धतीत, आपलं एकेक अक्षर, काना, मात्रा तीन-तीन बाइटची (बाइट म्हणजे आठ बिटं). 'राम' सीला नऊ लांबीचा दिसतो. तर 'कु' ची सहा बाइट सारखी. ळ ची पहिली दोनही सारखी. नवव्या बाइटवर उत्तर आलं: एक.

एक! एवढ्यासाठी सत्तरीतल्या बाईने स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं की चव्वेचाळीस वर्षं ज्याच्याशी संसार केला तो आणि मेलेला, हे एकच गृहस्थ. तीन खेपा. तिसऱ्या खेपेला जेवणाची सुट्टी. त्या खिडकीवर आमचे व्हर्नियरसाहेब बसले असते तर प्लस-मायनस एकमध्ये बाबा पास झाले असते.

असो. एनसी आली की 'पाच वेळा का' लिहावं लागतं. शून्य का? कारण तीन उत्तरं हवीत. तीन का? कारण शब्द क्रमानेही लावायचे असतात. क्रम का? असं करत पाचव्या 'का' ला मी लिहिलं: सी भाषा १९७२ च्या सुमारास अमेरिकेत बेल लॅब्समध्ये श्री. डेनिस रिची यांनी तयार केली व तेव्हापासूनची वहिवाट अशी आहे. फॉर्म परत आला. शेरा: 'संबंधितांना प्रशिक्षण द्यावे.' मी कळवलं की संबंधित २०११ साली वारले. त्यावर माझंच नाव प्रशिक्षणाला घातलं. शनिवारी, सकाळी नऊला. विषय, 'लेखी सूचनांमधील स्पष्टता'.

शेवटी साहेबांच्या मनासारखं केलं. शब्द जुळला तर एक, नाही जुळला तर शून्य. टॉलरन्स: निरंक. सही झाली, एनसी बंद झाली, साहेबांनी स्वतः चहा मागवला.

हे फंक्शन चौदा ठिकाणी वापरलेलं होतं. चौदाही ठिकाणची अट उलटी करायची होती. मी तेरा ठिकाणी केली.

काल ट्रेनी टेबलापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, खरा पासवर्ड सोडून बाकी काहीही टाइप केलं की डबी उघडते." आणि गप्प बसली.