कर्णे सात, अधिवेशने सात : एका वाचकाच्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

बायबलमधील दानीएल आणि प्रकटीकरण या पुस्तकांतील भविष्ये आपल्याच अधिवेशनांतून, ठरावांतून आणि घोषणांतून पूर्ण झाली, असे सांगणाऱ्या पंथांविषयी मी जे लिहिले, त्यावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. मी सोलापूरच्या जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढल्यामुळे लहान पंथांकडे आकसाने पाहतो, हा पहिला. येशूने स्वतःच नासरेथच्या सभास्थानात यशयाचा उतारा वाचून तो आज पूर्ण झाल्याचे सांगितले होते, मग इतरांनी तसे म्हटले तर बिघडले कुठे, हा दुसरा. आणि ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाची 1922 ते 1928 या काळात सात मोठी अधिवेशने झाली, प्रकटीकरणातही देवदूतांचे कर्णे सातच आहेत, तेव्हा याला योगायोग कसे म्हणायचे, हा तिसरा.

आकसाबद्दल थोडक्यात सांगतो. केरळमधील या पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढले गेले आणि 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल मला योग्य वाटतो. हिटलरच्या छळछावण्यांत या लोकांनी ओळखीची खूण म्हणून जांभळा त्रिकोण अंगावर वागवला, पण श्रद्धा सोडली नाही, याचाही मला मनापासून आदर आहे. शिवाय आपल्याच घटनांत भविष्य पूर्ण झालेले पाहण्याचा हा मोह फक्त लहान पंथांना होतो असे मी मानत नाही. 325 साली निकीया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेनंतर रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने त्यांना मेजवानी दिली, तेव्हा तिचे वर्णन करताना युसेबियसला त्यात ख्रिस्ताच्या राज्याचे चित्र दिसले. तो युसेबियस जुन्या मंडळीचाच इतिहासकार होता, आणि त्याचे ते वाक्य वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होते.

आता सात कर्ण्यांकडे येतो, कारण खरा वाद तिथेच आहे. त्या काळी बायबल विद्यार्थी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पंथाची अधिवेशने 1922 साली ओहायोतील सीडर पॉइंट येथे सुरू झाली आणि लॉस एंजेलिस, कोलंबस, इंडियानापोलिस, लंडन, टोरांटो असे करत 1928 साली डेट्रॉइटला पोहोचली. प्रत्येक ठिकाणी एकेक ठराव किंवा जाहीरनामा संमत झाला आणि त्याच्या छापील प्रती फार मोठ्या संख्येने वाटल्या गेल्या. इथपर्यंतचा इतिहास निर्विवाद आहे. मात्र या ठरावांना देवदूतांच्या कर्ण्यांचा नाद ठरवणारे सविस्तर विवेचन पंथाच्या 1930 सालच्या ग्रंथात आले, म्हणजे सातवे अधिवेशन उरकल्यानंतर. त्याआधी, 1917 साली, याच पंथाने प्रकाशित केलेल्या भाष्यात त्याच कर्ण्यांचा अर्थ निराळा लावलेला होता. अधिवेशने भरत असताना नव्हे, तर ती भरून गेल्यावर हा मेळ बसवला गेला, ही गोष्ट आपल्या ‘योगायोग’ या शब्दाच्या आड दडून राहते.

प्रकटीकरणाच्या आठव्या अध्यायात पहिला कर्णा वाजताच रक्त मिसळलेल्या गारा आणि अग्नी पृथ्वीवर पडतात, झाडांचा तिसरा हिस्सा जळतो आणि सगळे हिरवे गवत जळून जाते. सात रस्त्याजवळच्या एका घरी शुक्रवारी संध्याकाळी आमचा बायबल अभ्यास असतो. तिथे हा अध्याय आणि पंथाची मराठी पुस्तिका आम्ही शेजारीशेजारी ठेवून वाचली. गिरणीत आयुष्य काढलेले एक आजोबा बराच वेळ चष्मा हातात धरून ऐकत होते. मग ते म्हणाले, “आमच्या गिरणीचा भोंगा झाला की सगळ्या गावाला कळायचं, कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. हा तर देवदूताचा कर्णा, आणि तो वाजला हे वाजवणाऱ्यांनाच सांगत फिरावं लागतंय?” हा प्रश्न मला कोणत्याही पंडिती भाष्यापेक्षा मोलाचा वाटला. गारा, अग्नी आणि गवत ही प्रतीके आहेत हे मी मान्य करतो. पण सभागृहात हात वर करून संमत झालेला ठराव हाच त्या प्रतीकांचा अर्थ, असे ठरवायला खुद्द त्या अध्यायात कोणता आधार आहे, हे पुस्तिकेत कुठेही सापडले नाही.

दानीएलाच्या आकड्यांचेही असेच झाले आहे. बाराव्या अध्यायातील 1290 दिवस त्यांच्या मते 1919 सालच्या आरंभापासून 1922 सालच्या सप्टेंबरपर्यंत, म्हणजे सीडर पॉइंटच्या अधिवेशनापर्यंत. तिथून पुढचे 1335 दिवस 1926 सालच्या मे महिन्यापर्यंत, म्हणजे लंडनच्या अधिवेशनापर्यंत. आठव्या अध्यायातील 2300 संध्याकाळ-सकाळींचा, म्हणजे 2300 दिवसांचा, हिशोब तर आणखी बोलका आहे. आधी तो 1926 ते 1932 असा मांडला जात होता आणि त्याचा शेवट मंडळ्यांमध्ये ‘वडील’ म्हणवल्या जाणाऱ्या पुढाऱ्यांची निवडणूक बंद करण्याच्या निर्णयाशी जोडला जात होता. पुढे तो बदलून 1938 सालच्या जूनपासून 1944 सालच्या ऑक्टोबरपर्यंत असा करण्यात आला आणि त्याची सुरुवात पंथाच्याच मासिकातील, पंथाच्याच संघटनेविषयीच्या लेखांशी जोडली गेली. एकच आकडा दोन वेगवेगळ्या कालखंडांना चपखल बसतो आणि दोन्ही वेळा त्याची टोके पंथाच्या अंतर्गत कारभारात सापडतात, तेव्हा तो आकडा आपल्याला नेमके काय सिद्ध करून देतो?

2300 दिवसांनंतर मंदिर शुद्ध होईल, या याच वचनावर अमेरिकन धर्मोपदेशक विल्यम मिलर यांनीही, दिवस म्हणजे वर्षे असे धरून, इ. स. पूर्व 457 पासून गणित मांडले होते, आणि त्यांच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा ख्रिस्ताच्या आगमनाचा दिवस मानला. तो दिवस गेला, अनेकांची मने मोडली. बहाई धर्मीय त्याच वचनाचा संबंध त्याच 1844 साली, त्यांच्या धर्माचे अग्रदूत मानले जाणाऱ्या बाब यांनी केलेल्या घोषणेशी लावतात. दुसरीकडे, अनेक अभ्यासक हे वचन ग्रीक राजा अँटिओकस एपिफेनीसने यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले आणि इ. स. पूर्व 164 मध्ये यहुदी पुढारी यहूदा मक्काबीने ते पुन्हा शुद्ध केले, त्या काळाशी जोडतात. मला हाच अर्थ पटतो, कारण मंदिर, बलिदान आणि शुद्धीकरण हे वचनातले तिन्ही विषय त्या घटनेत ओढाताण न करता येतात.

नासरेथचा आपला मुद्दा मात्र भक्कम आहे, आणि तो टाळून मला पुढे जाता येणार नाही. लूकच्या चौथ्या अध्यायात येशू वचन वाचतो आणि ते पूर्ण झाल्याचे स्वतःच सांगतो, हे खरे आहे. मात्र त्या वचनात दीनांना सुवार्ता, धरून नेलेल्यांना सुटका आणि आंधळ्यांना दृष्टी असे म्हटलेले आहे. त्यातील प्रत्येक गोष्ट ऐकणाऱ्याला स्वतः जाऊन पडताळता येणारी होती. म्हणूनच तुरुंगातून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने ‘येणारा तो तूच काय’ असे विचारायला शिष्य पाठवले, तेव्हा येशूने नासरेथच्या घोषणेचा दाखला दिला नाही. जे तुम्ही ऐकता आणि पाहता ते योहानाला जाऊन सांगा, असे तो म्हणाला. राजा शिंगरावर बसून येईल, या जखऱ्याच्या वचनातील शिंगराचेही तसेच. ते येशूने मुद्दाम आणवले होते, हे मत्तय लपवत नाही. नुसत्या शिंगरावर बसून शहरात शिरणे कुणालाही जमले असते, आणि ख्रिस्ती विश्वास जर त्या शिंगरावरच उभा असता, तर आपला आक्षेप मला निरुत्तर करून गेला असता.

त्यामुळे माझी आपल्याला एकच विनंती आहे. प्रकटीकरणाचा आठवा आणि नववा अध्याय पुस्तिका बाजूला ठेवून वाचावा आणि डेट्रॉइटचा ठराव आधी ठाऊक नसलेल्या माणसाला त्या वचनांतील कोणत्या शब्दांवरून तो ओळखता आला असता, ते मला दाखवून द्यावे. तसे शब्द सापडले, तर माझ्या लेखातील तो भाग मी आपल्या पत्रासह बदलून प्रसिद्ध करीन.