जरा सरकून घ्या

एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स नांदवायचं म्हणजे मधे एक रेघ ओढायची, असं सगळे सांगतात. खरंच आहे. रेघ ओढायला दोन मिनिटं पुरतात. उरलेला दिवस विंडोजला ‘जरा सरकून घ्या’ म्हणण्यात जातो.

आधी बॅकअप, आणि तोही दुसऱ्या ड्राइव्हवर. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर घेतलेल्या बॅकअपचा उपयोग एवढाच, की बुडायचं तर जोडीनं बुडता येतं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. सिक्युअर बूटला, म्हणजे ओळखीचीच सिस्टिम चालू होऊ देणाऱ्या पहाऱ्याला, हात लावला की विंडोज ती मागू शकतं, आणि ती जपून ठेवलेली फाइल नेमकी त्याच कुलपाआड असते.

मग डिस्क मॅनेजमेंट, सी ड्राइव्हवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. ५०० जीबीची डिस्क इथे ४६५ दिसते, कारण बनवणारे हजारानं मोजतात आणि विंडोज १०२४ नं. त्यावर रक्त आटवू नये, पुढच्या आकड्यासाठी राखून ठेवावं. तीनशे जीबी रिकामे दिसत असताना विंडोज म्हणतं, नऊ देतो. नऊ! श्रिंक फक्त शेवटाकडून कापतं, आणि तिकडे कुठेतरी न हलणारी एखादी फाइल बसलेली असते: हायबरनेशनची (झोपताना मेमरी उतरवून ठेवायची), पेजिंगची (मेमरी कमी पडली तर वापरायची), नाहीतर सिस्टिम रिस्टोअरचा साठा. गाडीत रुमाल टाकून जागा धरावी, तशी. रुमाल कोणाचा, हे इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाच्या नोंदीत नावानिशी लिहिलेलं असतं. तिथे डोकावायचं मात्र कोणाला सुचत नाही.

ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’, मग पेजिंग फाइल बंद, सिस्टिम प्रोटेक्शन बंद, रीस्टार्ट, पुन्हा श्रिंक. एवढ्यावर बहुधा भरघोस जागा सुटते. सुटली की पेजिंग आणि प्रोटेक्शन परत चालू करा. हायबरनेशन मात्र बंदच राहू द्या, कारण फास्ट स्टार्टअप त्याच्याच जिवावर चालतं. ते चालू असेल तर ‘शट डाउन’ म्हटल्यावर विंडोज जातच नाही, नुसतं डोळे मिटून पडतं. ड्राइव्ह तसाच अर्धवट उघडा राहतो, आणि लिनक्स तो जोडतं ते फक्त वाचण्यापुरता, किंवा सरळ नकार देतं. दोष मात्र लिनक्सला लागतो.

सुटलेली जागा अनअलोकेटेडच, म्हणजे कोणाच्याच नावावर नसलेली, ठेवा. तिथे हौसेनं नवा ड्राइव्ह करून ठेवू नका. लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर घाबरू नका, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) स्टोरेज बहुधा रेड किंवा आरएसटीवर असतं, ते एएचसीआयवर न्यायचं; या डिस्कशी बोलायच्या वेगवेगळ्या पद्धती. पण थेट नेलंत तर विंडोज निळा स्क्रीन दाखवेल. आधी एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट लावा, मग बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये चालू करा आणि ती खूण काढून टाका.

इन्स्टॉलरमध्ये ‘डिस्क पुसून टाका’ हा पर्याय फार अदबीनं समोर उभा असतो. त्याला लांबूनच नमस्कार. हातानं पार्टिशन निवडा: रूटसाठी, म्हणजे लिनक्सच्या मुख्य जागेसाठी, एक्स्ट४ हा फॉरमॅट, ५० जीबी असले तर आरामात. आणि विंडोजचंच जुनं ईएफआय पार्टिशन, जिथे बूट फाइली राहतात ते, साधारण १०० एमबीचं, ‘/बूट/ईएफआय’ला जोडा. त्याच्या फॉरमॅटच्या चौकटीत खूण नाही ना, हे दोनदा बघा. ती खूण राहिली तर विंडोजची बूट फाइल गेली, आणि मग सरकून घ्या म्हणायलाही कोणी उरत नाही.

ग्रबच्या, म्हणजे चालू होताना कोणती सिस्टिम हवी ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेनूत विंडोज दिसत नसेल तर ते मेलेलं नाही. ग्रब २.०६ पासून शेजारी कोण आहे हे बघणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो. ग्रबच्या सेटिंग फाइलीत तो चालू करून मेनू नव्यानं बनवला की विंडोज हजर. राहिलं घड्याळ. मदरबोर्डवरची वेळ लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतं, विंडोज स्थानिक, त्यामुळे प्रत्येक फेरीत कोणीतरी चुकीची वेळ दाखवतं. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ म्हटलं की मिटतं. यावेळी सरकून घेतं ते लिनक्स.