सगळं दहा मिनिटांत येतंय ना? मग हसा!

आज लिफ्टमध्ये दहा किलो तांदूळ, गुळाची ढेप आणि पाण्याचे दोन रिकामे कॅन घेऊन उभी होते. वरच्या मजल्यावरचा मुलगा हसत म्हणाला, "काकू, युद्ध-बिद्ध होतंय का?" मीही हसले. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा विनोद झाला होता. काकूंचा बंकर, काकूंचं रेशन दुकान, वगैरे. गंमत म्हणजे गेल्या गुरुवारी, आधी सांगून पाणी बंद ठेवलं होतं, तेव्हा याच मंडळींपैकी तिघे रात्री साडेनऊला विचारत होते, कुणाकडे एक्स्ट्रा जार आहे का, अ‍ॅपवर आउट ऑफ स्टॉक दाखवतंय.

ग्रुपवर काही बोलले नाही. इथे बोलते, कारण इथे माझी माणसं आहेत आणि तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी माळ्यावर कुरडयांचा डबा असणार हे मला माहीत आहे.

ऑगस्ट २०१९. मी पोरांना घेऊन कोल्हापूरला सासरी गेले आणि तिथेच अडकले. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्याही वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. आमचं घर मंगळवार पेठेत, उंचावर. पुराचा एक थेंब आत आला नाही. टीव्हीवर जो पूर दिसतो तो छपरावर बसलेल्या माणसांचा असतो, आणि तो दाखवायलाच हवा. पण कोरड्या घरातलाही एक पूर असतो. शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी इथली उपसा केंद्रंच बुडाली, म्हणजे नळ बंद. हायवे बंद, म्हणजे भाजी नाही, गॅसची गाडी नाही, पेट्रोल फक्त अत्यावश्यक गाड्यांना. दुधाच्या गावात आम्ही कोरा चहा पीत होतो. गावाच्या चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला टँकरची वाट.

सासूबाईंनी पहिल्या दिवशीच सूत्रं हातात घेतली. पिण्याच्या दोन हंड्यांवर धोतराचं धुतलेलं फडकं बांधलं, वर ताटली ठेवली आणि ओगराळं स्वतःच्या ताब्यात घेतलं. हंड्यात कुणी पेला बुचकळलेला दिसला की त्याची खैर नव्हती. घंगाळ, बादल्या, टोप, सगळं पागोळ्यांखाली लावलं. ते पाणी संडासला आणि भांड्यांना. आणि भात बंद! मला आधी कळेना, घरात तांदूळ आहे, मग भात का नाही? तर भाताला पाणी लागतं, तांदूळ धुवायला लागतं, कुकर घासायला लागतं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. मी ताटं मांडायला घेतली तर म्हणाल्या, "भाकरी हातावर घ्या गं. ताटं धुवायला पाणी काय पंचगंगेतनं आणू?"

हे मी काही आजी-पणजीच्या काळातलं सांगत नाहीये. तेव्हाही सगळ्यांच्या हातात स्मार्टफोन होते.

आता म्हणाल, पुण्यात कुठे पूर? २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवर एकतानगरीत पाणी शिरलं, ते कुठलं गाव होतं? १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, ते कुठलं? पूर सोडा हो. आपण अकराव्या मजल्यावर राहतो. पाणी खालच्या टाकीत, ते वर चढवायला पंप, पंपाला वीज. वीज गेली की जनरेटरचं डिझेल असेतोवर आपण शहरात, त्यानंतर थेट डोंगरावर. भिंतीवरचा आरओ तर विजेशिवाय नुसतं शोभेचं कपाट. मुंबईत १२ ऑक्टोबर २०२० ला वीज गेली तेव्हा लोकल जागच्या जागी थांबल्या, ती मुंबई होती! आणि त्याच वर्षी २४ मार्चला रात्री आठचं लॉकडाऊनचं भाषण संपायच्या आत किराणा दुकानापुढे ज्या रांगा लागल्या, त्यात आज हसणारे किती जण होते, ते मोजत बसत नाही.

मान्य, त्या रांगेलाच लोक साठेबाजी म्हणतात आणि बरोबरच म्हणतात. पण दुकान भरलेलं असताना, भाव शांत असताना, दर महिन्याला किलोभर जास्त आणून ठेवणाऱ्या बाईला त्याच मापानं मोजू नका. रांगेत घुसायला लागू नये म्हणूनच ती आणते.

थोडं शांत होते आणि कामाचं सांगते, कारण दोघी-तिघींनी विचारलंय.

पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला चार लिटर धरा. चार माणसं, तीन दिवस, साधारण पन्नास लिटर. वीस-वीसचे दोन कॅन आणि काही बाटल्या, झालं. पलंगाखाली मावतं. वापरायचं पाणी बादल्यांत वेगळं. साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, हेही खरंच. म्हणून झाकण घट्ट हवं आणि आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून, घासून, कोरडं करून परत भरायचं. जुनं पाणी झाडांना, फरशीला. मेडिक्लोरची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या औषधाची बाटली घरात असू द्या, तिच्यावरची तारीख बघून, आणि किती थेंब ते तिच्यावरच लिहिलेलं असतं, तेवढेच.

खायचं म्हणाल तर चुलीशिवाय आणि पाण्याशिवाय पोटात जाईल असं आधी ठेवा. भडंग, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शेंगदाणे-गूळ, दशम्या टिकतात दोन दिवस. मग पीठ-तांदूळ-डाळी. गव्हाला एरंडेल लावा. नवीन आणलेलं मागे, जुनं पुढे, आणि रोजच्या स्वयंपाकात तेच वापरायचं. वेगळा 'आपत्कालीन डबा' करून माळ्यावर टाकलात तर त्यात पोरकिडेच सापडतील. घरात बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आठवड्याच्या जास्तीच्या. थोड्या सुट्ट्या नोटा, कारण नेटवर्क गेलं की क्यूआर कोड हा नुसता चौकोन.

इथपर्यंत लिहिलं आणि आमची भांडीवाली मावशी आठवली. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं, रोजचं रोज आणायचं. तिला कुठल्या तोंडानं सांगू, महिन्याचं भरून ठेव म्हणून? नाही सांगू शकत. हा मुद्दा माझ्याकडे सुटत नाही, आणि म्हणूनच ज्यांना शक्य आहे त्यांच्यावर मला जास्त राग येतो.

कारण मंगळवार पेठेतल्या त्या घरात तिसऱ्या दिवशी नणंदेचं कुटुंब आलं. शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला त्यांचं घर, पाणी खिडकीला लागल्यावर निघाले. ओल्या कपड्यांनिशी, हातात एक पिशवी, कागदपत्रांची. सासूबाईंनी विचारलं नाही की किती दिवस राहणार. पीठ जास्त मळलं, एवढंच. आणि गल्लीत टँकर आला तेव्हा आमच्या घरातून कुणी कळशी घेऊन पळालं नाही. "आपल्याकडं हाय अजून. पलीकडच्या शाळेत पूरग्रस्त आल्यात, त्यांना भरू दे आधी."

तो टँकर पाच मिनिटं लवकर त्या शाळेकडे सरकला. आपल्या पलंगाखाली दोन कॅन असतील तर आपण त्या रांगेत नसतो. याला घाबरट म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. दहा मिनिटांत जार घेऊन येणारा पोरगासुद्धा त्या दिवशी कुठेतरी कमरेएवढ्या पाण्यातून आपल्या घराकडेच निघालेला असणार, आणि त्यानं निघावंच.

सरकारनं काही करायचंच नाही का, असं कुणी विचारेल. करायचं ना! सगळं करायचं. पण बोट येईपर्यंतची भाकरी कुणी थापायची?

असो. पुढच्या आठवड्यात मार्केटयार्डात जाणार आहे. शेंगदाणे, गूळ, ज्वारी कुणाला हवी असेल तर सांगा, पोतं घेऊन वाटून घेऊ, स्वस्त पडतं. गाडीत आणखी दोघींपुरती जागा आहे. कॅन आपापले आणा, पण नळवालेच घ्या. तोंडानं ओतायचे घेतलेत तर निम्मं पाणी फरशीवर जातं.