शॉवरचं प्रेशर गीझरमधून येत नाही

नाशिकमध्ये थंडी पडली की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शॉवरला धार नसेल तर जुना गीझर काढा आणि 8 बारचा घ्या. इन्स्टंट किंवा गॅसचा घेतलात तर उत्तमच. गीझर जितका उंच लावाल तितकं प्रेशर जास्त. आणि सोलर असेल तर ते आधी काढा, प्रेशर त्याच्यामुळेच जातं. लोक विश्वास ठेवतात, पैसे घालतात आणि नव्या गीझरखालीही शॉवर तसाच ठिबकत राहतो. त्यामुळे यातला एकेक दावा तपासायलाच हवा.

बार हे दाब मोजायचं एकक. 8 बार हा आकडा गीझरच्या टाकीच्या सहनशक्तीचा आहे. एवढा दाब आला तरी टाकी फुटणार नाही, इतकाच त्याचा अर्थ. गीझर पाणी तापवतो, ढकलत नाही. आपल्याकडे ढकलण्याचं काम करते गच्चीवरची टाकी. पाण्याच्या 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार दाब मिळतो. इंदिरानगर किंवा गंगापूर रोडवरच्या एखाद्या चार मजली इमारतीत वरच्या फ्लॅटचा शॉवर टाकीतल्या पाण्यापेक्षा अडीच-तीन मीटरच खाली असतो. म्हणजे दाब 0.3 बारच्या आसपास. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर तो दीड बारपर्यंत जातो. गीझर दोघांकडे एकाच कंपनीचा असला तरी वरच्यांची तक्रार कायम, खालचे मजेत. 8 बारचा गीझर लागतो तो उंच टॉवरमधल्या खालच्या मजल्यांना किंवा प्रेशर पंप बसवलेल्या घरांना. तिथे तो घ्यावाच, पण धार वाढेल म्हणून नव्हे.

गीझर उंच लावण्याचंही तसंच. टाकीतल्या पाण्याची पातळी आणि शॉवरचं तोंड यांच्यातलं अंतर दाब ठरवतं. मधला गीझर हातभर वर सरकवून त्या अंतरात काहीच बदलत नाही.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती इन्स्टंट गीझरच्या बाबतीत. 3 किलोवॅटचा इन्स्टंट गीझर वाहतं पाणी 20 अंशांनी तापवायचं म्हटलं तर मिनिटाला जेमतेम 2 लिटर देऊ शकतो. हे उष्णतेचं साधं गणित आहे, कुठल्याही कंपनीला ते चुकवता येत नाही. नीट शॉवर घ्यायला मिनिटाला 6 ते 8 लिटर लागतात. डिसेंबर-जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्रभर गार पडलेलं असतं, तेव्हा तर नळ आणखी बारीक करावा लागतो. म्हणजे धार वाढावी म्हणून आणलेल्या यंत्रापायी आपण स्वतःच धार कमी करतो. हात धुवायला किंवा स्वयंपाकघरातल्या सिंकला तो चांगला आहे, शॉवरला नाही.

शॉवरसाठी साठवणीचा गीझर घ्यावा आणि त्याचे लिटर विचार करून निवडावेत. 60 अंशांचं 15 लिटर पाणी 20 अंशांच्या गार पाण्यात मिसळलं की 40 अंशांचं 30 लिटर होतं. मिनिटाला 8 लिटरने ते चार मिनिटंही पुरत नाही. 25 लिटरचा गीझर सहा मिनिटांच्या पुढे जातो. आता एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याच्या लक्षातच आलेली दिसत नाही: धार खरोखर वाढली तर गरम पाणी लवकर संपतं. म्हणून प्रेशर सुधारायचं ठरवलंत तर गीझरही मोठा लागेल. स्टारचं लेबल विजेबद्दल सांगतं, धारेबद्दल नाही.

गॅस गीझरबद्दल मला जरा कडक बोलायचं आहे. त्याची ताकद मोठी असते हे खरं. साधारण 6 लिटरचं मॉडेल मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवतं. पण ते पेटायलाच पाण्याचा किमान दाब लागतो, त्यामुळे वरच्या मजल्यावर जिथे तक्रार आहे तिथेच ते अनेकदा पेटत नाही. आणि बंद बाथरूममध्ये ते जीव घेतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. थंडी म्हणून खिडकी लावून घेतली की माणूस आत बेशुद्ध पडतो आणि बाहेर कुणाला कळत नाही. गीझर आणि सिलिंडर दोन्ही बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत ठेवायची सोय नसेल तर तो घेऊच नका.

मग धार जाते कुठे? एक बादली आणि घड्याळ घ्या. 10 लिटरची बादली आधी फक्त गार नळाने भरा, मग फक्त गरम नळाने. गारही रडत असेल तर गीझरचा काही संबंध नाही, दोष टाकीच्या उंचीत किंवा पाइपात आहे. गार चांगलं आणि गरम बारीक असेल तर गीझरची लाइन तपासा: अर्धवट उघडा अँगल कॉक (भिंतीतल्या पाइपवरचा छोटा नळ), अडकलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप), आणि गीझरला जोडलेला लवचिक कनेक्शन पाइप. त्याचं आतलं भोक बघा, दिसतं त्यापेक्षा फार लहान असतं. पाइपचा आतला व्यास निम्मा झाला तर तेवढ्याच दाबाला पाणी जवळपास सहावा हिस्सा उरतं. जुन्या इमारतींतले लोखंडी पाइप आतून गंजून असेच अरुंद झालेले असतात. नळ उत्तम आणि शॉवरच बारीक असेल तर डायव्हर्टर (नळाचं पाणी शॉवरकडे वळवणारा भाग) बघा किंवा शॉवरची चाळणी काढा. गंगापूर धरणाच्या पाण्याला बोअरची जोड आहे तिथे भोकांत पांढरा क्षार बसतो. लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवली की चाळणी मोकळी होते. आणि वरच्या मजल्यावर आठ इंची रेन शॉवर लावू नका, 0.3 बारवर तो चालत नाही.

सोलरवरचा आरोप अर्धवट आहे. गच्चीपासून बाथरूमपर्यंत अर्ध्या इंची पाइप आणि वाटेत डझनभर एल्बो, म्हणजे काटकोनी वळणं, असतील तर धार मरणारच. तो दोष प्लंबिंगचा. लाइन पाऊण किंवा एक इंची करून बघा. धोका वेगळ्याच ठिकाणी आहे: काचेच्या नळ्यांच्या सोलरची टाकी सहसा दाब सोसणारी नसते. तिच्या आधी प्रेशर पंप लावला तर नळ्यांच्या रबरी रिंगांतून गळती सुरू होते. पंप टाकीच्या नंतरच, गरम पाणी सोसणारा हवा. गार लाइनलाही तितकाच दाब द्यावा लागतो, नाहीतर गरम-गार मिसळणाऱ्या मिक्सर नळामधून एक पाणी दुसऱ्याच्या लाइनीत घुसतं.

फ्लॅटमध्ये मात्र पंप परस्पर बसवू नका. डाऊनटेक, म्हणजे गच्चीच्या टाकीतून खाली येणारी लाइन, सामाईक असेल तर तुमचा पंप शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढतो. महापालिकेच्या नळाला थेट मोटर लावणं तर बेकायदाच आहे. वरच्या दोन मजल्यांची लाइन वेगळी करून तिच्यावर टाकीजवळ एकच पंप बसवावा, असा अर्ज सोसायटीच्या पुढच्या बैठकीत द्या आणि तोवर गीझरची खरेदी थांबवा.